तुझ्या आईच्या जागी

प्रिय भिंगरी,

तुझा निरोप मी भांडी घासता घासता ऐकला. फोन कट्ट्यावर टेकवून ठेवला होता, हात साबणानं भरलेले, आणि बोलता बोलता तू मधेच हसलीस तेव्हा माझ्या हातून कप निसटला. फुटला नाही, नुसता कान उडाला. तू विचारलंस, "मावशी, आई खरंच कशी होती गं? बाकीचे सांगतात ते मला पाठ झालंय. तू सांग." इथवर ठीक होतं. पण पुढं म्हणालीस, "आणि बिनधास्त सांग हं. तिला माझ्यापेक्षा स्टेज प्यारं होतं हे मी केव्हाच मान्य केलंय. मला राग नाही." हे तू इतक्या सहज म्हणालीस, कुणीतरी बसची वेळ सांगावी तसं, की मी नळ चालूच ठेवून उभी राहिले. उत्तर म्हणून मीही फोनवर बोलायला घेतलं. बोलले, पुसून टाकलं. पुन्हा बोलले, पुन्हा पुसलं. मला माझाच आवाज ऐकवेना. का, ते पुढं येईलच. शेवटी कागद घेतला. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तेव्हा सांभाळून घे.

तू आत्याकडे राहायला गेलीस त्याला इतकी वर्षं झाली, पण आज आलीस तरी हा हॉल डोळे मिटून ओळखशील. रस्त्यावरून तळघरात उतरणारा तोच अरुंद जिना, त्याच्या तोंडाशी तीच फडफडणारी निळी ट्यूब, खाली तोच ओलसर गालिचा, सांडलेल्या बिअरचा आणि तापलेल्या वायरींचा तोच वास. संध्याकाळी मोजके दिवे लागले की जागा एखाद्या महालासारखी दिसते. सकाळी सफाईवाली बाई सगळे दिवे लावून फरशी पुसते, तेव्हा भिंतींचे पोपडे आणि टेबलांच्या खाली चिकटवलेली च्युइंगमं दिसतात. दुपारी वाद्यं लावणं चालू असायचं, तेव्हा तू रिकाम्या स्टेजवर हात पसरून गरगर फिरायचीस आणि चक्कर येऊन पडलीस की खदाखदा हसायचीस. तुझं नाव भिंगरी ठेवलं ते आमच्या पियानोवाल्यानं, तुझ्या काकांनी. आता मी त्या पियानोवाल्याची बायको आहे आणि आम्ही दोघं हॉलच्या वरच्याच दोन खोल्यांत राहतो. स्वयंपाकघरातून एक लोखंडी जिना थेट स्टेजच्या मागं उतरतो. सोय एवढी की कधी कधी आठवडा आठवडा मी रस्त्यावर पाऊल ठेवत नाही. खाली उतरायचं, गायचं, वर चढायचं, झोपायचं. खाली खिडकी नाहीच. बाहेर थंडी आहे की ऊन, हे मला गिऱ्हाइकांच्या कोटांवरून कळतं.

तर तुझी आई. मी इथं आले ती तिच्या मागं उभी राहून सूर धरायला. तिला ऐकायला लोक जिन्यावर रांग लावून उभे असायचे, आणि मी तर घाबरून गारठलेली. तिनं मला पहिला प्रश्न विचारला तो, "काही खाल्लंस का?" तेव्हापासून मी तिला ताई म्हणायला लागले. फोटोतली ती गंभीर, हनुवटी वर केलेली बाई म्हणजे ताई नव्हे. ताई फार चावट होती. गाण्यात वाद्यांचा तुकडा आला की माइकपासून तोंड वळवून पुढच्या टेबलावरच्या लोकांबद्दल आमच्या कानात असं काही सोडून द्यायची की आम्हाला सूर धरणं मुश्किल. टाचांचे बूट चावतात म्हणून त्या लांब झग्याखाली ती घरातल्या सपाता घालून गायची. लोकांना शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. आणि मध्यंतरात आत आली की पाण्याच्या ग्लासाआधी फोन उचलायची. तुझे बाबा तू पाळण्यात असतानाच गेले, तुला शेजारच्या काकूंकडे ठेवून ती कामाला यायची. "झोपली का? पांघरूण लाथाडलंय का बघा हो जरा." हे ऐकल्याशिवाय तिचा दुसरा भाग सुरू व्हायचा नाही. एकदा काकू फोन उचलेनात, तर हिनं लोकांना ताटकळत ठेवलं, टाळ्यांचा ठेका सुरू झाला तरी ही फोनला चिकटलेली. हॉलचे मालक दारात उभे राहून हात जोडत होते. ती म्हणाली, "तुमचं गाणं कुठं पळून जात नाही. माझी पोर पलंगावरून पडते."

मग त्या हिवाळ्यात ती गेली. त्याबद्दल सांगणार आहे, पण आधी मालकांचं सांगते. मालक तुला आठवत असतील, खिशातून पेपरमिंट काढून द्यायचे ते, हळू आवाजात बोलणारे. ताई गेल्यावर ते कितीतरी दिवस खोलीबाहेर आले नाहीत. हॉलला कुलूप. मग एके दुपारी मला बोलावून म्हणाले, "हॉल बंद ठेवून ती परत येणार नाही. लोक तिची गाणी मागतात. थोडे दिवस तू गा." मी हो म्हटलं. त्या वेळी आम्हा सगळ्यांनाच ती गाणी ऐकायची होती गं. पहिल्या कार्यक्रमाला अख्खा हॉल रडला, मी रडले, बारमागचा माणूस ग्लास पुसता पुसता रडला. पुढच्या आठवड्यात लोक पुन्हा रडायला आले. त्यानंतर तिचे झगे उसवून माझ्या मापाचे झाले. मग केस तिच्यासारखे कापले. साउंडवाल्यानं जुनी रेकॉर्डिंगं ऐकून माझ्या आवाजाला तिच्यासारखा घुमारा दिला. बाहेर पोस्टर लागलं, त्यावर तिचा चेहरा आणि खाली, "तिची गाणी, तिच्याच स्टेजवर." माझं नाव कुठंच नाही. दारावरचा पैलवान आणि बारमधले मला "दुसरी" म्हणतात. "दुसरीला गरम पाणी पाठवा रे." प्रेमानंच म्हणतात.

तुला वाटेल मालक जुलमी आहेत. तसे असते तर मी केव्हाच पाय आपटत निघून गेले असते. त्यांनी आजवर माझ्यावर आवाज चढवलेला नाही. दुपारी सरावाला ते समोरच्या खुर्चीत डोळे मिटून बसतात आणि मी भलत्या ठिकाणी श्वास घेतला की एक बोट वर करतात. बस्स, बोट. "तिथं ती श्वास घ्यायची नाही." मग मी पुन्हा घेते ती ओळ. माझा मूळ आवाज खालचा, जाड. ताईचा वरचा, पातळ. तो लावून लावून माझ्या मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठ झाल्यात. एकदा माझ्या सख्ख्या आईला फोन केला तर ती म्हणाली, "कोण बोलतंय?" मी म्हटलं, "अगं मी!" तर म्हणते, "मी कोण?" आम्ही दोघी हसलो. फोन ठेवल्यावर मी आरशासमोर जाऊन साधं "मी" म्हणून बघितलं. खांबाजवळच्या टेबलावर एक वयस्कर गृहस्थ नेमानं येतात. पहिल्या गाण्याला रुमाल काढतात आणि जाताना माझे दोन्ही हात धरून म्हणतात, "तुम्ही तिला मरू दिलं नाहीत." अशा माणसाला काय सांगायचं? तेच गृहस्थ एकदा भाजीच्या दुकानात माझ्या शेजारी उभे होते. मी हसले. त्यांनी मला टोमॅटोचा भाव विचारला आणि पुढं गेले.

मग सोडत का नाहीस, असं तू म्हणशील. तू नाही म्हणालीस तरी मी रोज स्वतःला म्हणते. तुझ्या काकांना काचबिंदू झालाय. त्यांना आता नळीतून बघावं तसं दिसतं. समोरचं तेवढं, तेही धुरकट, कडेचं सगळं गेलं. वाचता येत नाही. या हॉलमध्ये मात्र ते बिनधास्त वावरतात, कारण इथला पियानो, पायरी, खांब, वायर, सगळं त्यांच्या अंगात बसलंय. नवीन आलेल्या वेटरला तर त्यांच्या डोळ्यांचं कळलंही नव्हतं. मागं एकदा आम्ही हिय्या केला. एका हॉटेलच्या दर्शनी भागात पियानोवाला हवा होता. काका इस्त्रीचा शर्ट घालून गेले, मी बरोबर. वाजवलं फार सुरेख. उठताना मात्र स्टुलाशी अडखळले आणि हात कशावर टेकावा तर फुलदाणीवर. पाणी पियानोच्या पट्ट्यांवर. तिथला मॅनेजर सभ्य होता, म्हणाला, "आम्ही कळवतो." परत येताना काका म्हणाले, "फुलांना पाणी घातलं, दुसरं काय केलं!" मी खूप हसले. त्या दिवसापासून त्यांनी दुसऱ्या कुठल्या पियानोचं नाव काढलेलं नाही. हे इथं वाजवणार ते माझ्या गाण्याला, आणि मी गाणार ते ताईचं. दोघं एकमेकांच्या पायात असे अडकलोय, आणि भांडायला तिसरं कुणी नाही.

बाहेर पडायचा प्रयत्नच केला नाही असंही नाही. आमचा जुना ड्रमवाला, मोठ्यानं बोलणारा, तो हा हॉल सोडून गेला आणि त्यानं सायकलच्या दुकानावरच्या माळ्यावर छोटीशी बैठकीची जागा काढली. खुर्च्या सगळ्या वेगवेगळ्या, कुणाकुणाच्या घरातून आणलेल्या. तिथं लोक स्वतःची गाणी गातात. मला म्हणाला, "तू पूर्वी काहीतरी लिहायचीस ना? ये, ऐकव." मी एके दुपारी काकांना न सांगता गेले. बाहेर इतकं ऊन होतं की डोळे दिपले. माळ्यावर तो एकटाच होता, खाली कुणीतरी चाकात हवा भरत होतं. मी माझं गाणं म्हटलं, इथं येण्याआधी लिहिलेलं, आईच्या शिवणाच्या मशिनवरचं. संपल्यावर तो म्हणाला, "सुरेख गं. पण हे ताईंचं मी कधी ऐकलं नव्हतं. शेवटच्या दिवसांतलं का?" त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. मी "हो" म्हणून मोकळी झाले आणि जिना उतरले. भिंगरी, माझ्या घशात माझं काही उरलंच नव्हतं. रस्ता ओलांडताना मी एका अनोळखी बाईला मुद्दाम वाट विचारली, तर तेही ताईच्याच आवाजात. त्या दिवशी मी स्वतःहून लवकर खाली उतरले आणि स्टेजवर जाऊन बसून राहिले.

आता तू जे विचारलंस ते. हॉलच्या दाराशी ताईचा मोठा फोटो आहे आणि खाली लिहिलंय, "शेवटच्या श्वासापर्यंत इथंच गायली." वर्तमानपत्रांतही तेच आलं होतं, तूही तेच वाचत मोठी झालीस. पण ऐक. त्या हिवाळ्याच्या आधी एके दिवशी ती मला म्हणाली, "माझ्याबरोबर एके ठिकाणी येतेस? कुणाला बोलू नकोस." आम्ही गेलो ते तुझ्या शाळेच्या मागच्या गल्लीत. तिनं तिथं वरच्या मजल्यावर दोन खोल्या घेतल्या होत्या. रिकाम्या, चुन्याचा वास येणाऱ्या. मागच्या खिडकीतून बघितलं की खाली तुमच्या शाळेचं मैदान. मधली सुट्टी झाली होती आणि तू लाल स्वेटर घालून एका बाकावर उभी राहून कुणाशी तरी कचाकचा भांडत होतीस. ताईनं काच वाजवली. तुला ऐकू आलं नाही. ती म्हणाली, "राहू दे, भांडू दे. जिंकतेय." मग खाली फरशीवरच बसली, पाय पसरून, आणि म्हणाली, "इथं मी गाणार बिणार नाही हं. नुसती खिडकीत बसणार. ही डबा विसरली की वरून टाकणार." तिनं पिवळे पडदे शिवायला टाकले होते. गाणं सोडणार होती म्हणून तिच्या तोंडावर दुःख असेल असं तुला वाटेल. शाळा सुटल्यावर पोरांच्या तोंडावर असतं ना, तसं होतं तिचं तोंड.

तिनं मालकांना सांगितलंही. ते डोळ्यांना रुमाल लावून म्हणाले, "एवढा मोसम होऊ दे. थोडे दिवस." तुझे बाबा गेले तेव्हा मालकच तिच्या पाठीशी उभे राहिले होते, तिला नाही म्हणवेना. मग एक मोठा कार्यक्रम आला. तो झाला की दुसरा. हिवाळ्यात तिला ताप भरला, छातीत घरघर. डॉक्टरांनी अंथरुणातून उठू नको म्हणून सांगितलं. पण हॉल भरलेला होता आणि मालक बिचारे चेहरा पाडून तिच्या खोलीबाहेर बसले होते. "आजचा दिवस," म्हणत ती उठली. मी मागं उभी होते, तिच्या पाठीतून निघणारी धग मला जाणवत होती. लोकांना वाटलं, काय जीव ओतून गाते आहे! त्यानंतर इस्पितळ, आणि मग काहीच नाही. तिथं तिनं मला शेवटचं विचारलं ते गाण्याबद्दल नव्हतं. तिनं विचारलं, "तिची सुट्टी कधी संपते गं?" त्या नव्या घराचे कागद आत्यांकडेच गेले होते, तेव्हा त्यांनी तुला केव्हाच सांगितलं असेल असं मी धरून चालले होते. परवा तुझा निरोप ऐकेपर्यंत. तिला स्टेज प्यारं होतं, नव्हतं असं नाही. पण तुझ्यापेक्षा? अगं, ती सामान बांधून बसली होती.

आणखी एक गोष्ट सांगायची आहे. मागच्या महिन्यात मालक कुठंतरी बाहेरगावी जाऊन आले. परतले ते चेहरा उजळलेला, चालणंसुद्धा तरुण. दुपारी आम्हा दोघांना खाली बोलावलं, आपला फोन साउंडवाल्याकडून मोठ्या स्पीकरांना जोडून घेतला आणि म्हणाले, "ऐका." आधी कपबशांचा आवाज, कुणाचं खोकणं, आणि मग तू. सुट्टीच्या दिवशी तू मैत्रिणींबरोबर ज्या कॅफेत गातेस, तिथं ते मागच्या कोपऱ्यात टोपी घालून बसले होते. काकांचे हात आपोआप पियानोच्या पट्ट्यांवर गेले. "ताई," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा मला बघवेना. गळा तिचाच आहे गं तुझा. मलाही क्षणभर वाटलं, आली. पण दुसऱ्याच ओळीला तुमच्यातल्या कुणाचं तरी काहीतरी धाडकन पडलं आणि तू शब्दाच्या मध्यावर हसलीस. ताल सुटला, तू त्याला जाऊ दिलंस, आणि पुढून कुठून तरी तुला सोयीचं वाटलं तिथून गाणं पुन्हा पकडलंस. ताईनं असं कधीच केलं नसतं. ते तुझं होतं.

गाणं संपलं तसे मालक मला म्हणाले, "पोरगी इथं आली की तू मोकळी." वरच्या खोल्या आमच्याकडेच राहतील म्हणाले, काका तुला साथ करतील. खोटं कशाला सांगू, मी वर जाऊन स्वयंपाकघरात एकटीच नाचले. सगळ्या खिडक्या उघडल्या. ड्रमवाल्याला फोन करून सांगितलं, "मला माझा घसा परत मिळवायला जरा वेळ दे, मग येते." केस वाढवायचे ठरवले. काका तर तुझ्यासाठी पियानोच्या पट्ट्या तपासायला लागले. आमच्या घरात इतकी बडबड कित्येक दिवसांत झाली नव्हती. असे काही दिवस गेले. मग एका दुपारी सरावाला मालकांनी तुझं गाणं पुन्हा लावलं. डोळे मिटून ऐकत होते. तू हसलीस त्या जागी त्यांचं बोट वर गेलं. म्हणाले, "हे काढून टाकावं लागेल. आणि श्वासही दोन-तीन ठिकाणी चुकतो. पण शिकेल. तू शिकवशील तिला, तुझ्याइतकं कुणाला जमणार आहे?" केवढ्या मायेनं म्हणाले! मी मान हलवली आणि वर निघून आले. त्याच आठवड्यात शुक्रवारच्या कार्यक्रमात मी मला हवा तिथं श्वास घेतला. गाण्याच्या मध्यावर, भरपूर, फुफ्फुसं भरून. लोकांना काही कळलं नाही. मालकांनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटले. वर आल्यावर काका मोजे काढता काढता म्हणाले, "आज काय झालं होतं तुला? साथ करायला मजा आली."

हे पत्र खरं म्हणजे एवढ्याचसाठी लिहिलंय. येत्या रविवारी मालक तुझ्याकडे येणार आहेत. फुलं आणतील, आत्यांच्या पाया पडतील, आणि रडतील. ते रडणं खोटं नसेल, म्हणून तर सांभाळ. तुझ्या आईचं अपुरं राहिलेलं पूर्ण कर म्हणतील. अपुरं काय राहिलं ते आता तुला ठाऊक आहे, ते गाणं नव्हतं. त्यांना नाही म्हण. चहा दे, नीट बोल, आणि नाही म्हण. विचार करून कळवते, असंसुद्धा म्हणू नकोस. तू आली नाहीस तर मी इथंच राहणार, हे मला कळतं आणि काकांनाही कळतं. हे सगळं मी त्यांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पाकीट चिकटव. आजच टाक." आमचं काय होईल याची काळजी तू करायची नाहीस, तुझ्यापेक्षा मोठे आहोत, आमचं आम्ही बघू. तू तुझ्या मैत्रिणींबरोबर गा, नाही तर गाऊ नकोस, दुसरं काहीही कर. मालक चकित होऊन विचारतील, "तुझ्या डोक्यात हे कुणी भरवलं?" त्यांना रोज दुपारी मीच भेटणार आहे, या विचारानं गडबडू नकोस. सरळ माझं नाव सांग. मावशीनं, म्हण.

इथलीच, पण तुझीच,
मावशी